‘कॉसमॉस’: गच्चीवर काठी रोवायला लावणारी मालिका

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी क्वालिटी तपासणीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाही तर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मोजमापाची साधनं, त्यामुळे विज्ञानाचा कार्यक्रम पाहतानाही माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं: हे लोक मोजून दाखवतात का? अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची ‘कॉसमॉस’ ही १९८० सालची तेरा भागांची विज्ञानमालिका मोजून दाखवते. सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या सातवी ते दहावीच्या मुलांना यंदा हिवाळ्यात रविवारी ती दाखवली, त्याविषयी लिहितेय.

पहिल्या भागात एराटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाची गोष्ट आहे. वर्षातल्या एका दिवशी इजिप्तमधल्या एका गावात भर दुपारी काठीची सावली पडत नाही, त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात पडते. सूर्यकिरणांच्या कोनात फरक सुमारे सात अंशांचा, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा साधारण पन्नासावा भाग; दोन्ही गावांत अंतर ८०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर. सेगन एक नकाशा घेतात, त्यावर दोन काठ्या उभ्या करतात आणि नकाशा वाकवतात, की दोन्ही सावल्या वेगळ्या पडतात. बस, एवढंच. ना ग्राफिक्स, ना धडामधूम संगीत. पण तो नकाशा वाकला आणि आमची सगळी मुलं टीव्हीच्या जवळ सरकली.

“काकू, हे आपल्याला जमेल?” आठवीतल्या मुलीनं विचारलं. जमतं. कोल्हापूर नाशिकच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, अंतर साधारण ३६५ किलोमीटर, आणि माझा भाचा तिथे शिकतो. डिसेंबरच्या शेवटी दोन्हीकडे मीटरभर उंचीची काठी ओळंब्यानं उभी केली. आपल्याकडे सूर्य माथ्यावर घड्याळाच्या बाराला येत नाही, साडेबारा उलटून जातात, म्हणून सव्वाबारापासून सावलीच्या टोकावर खडूनं खुणा करत सगळ्यात आखूड सावली धरली. गच्चीवर ९४.५ सेंटिमीटर, कोल्हापुरात ८४.५. कोन काढायचं काम मी कॅल्क्युलेटरवर केलं, बाकी सगळं मुलांनी. फरक ३.२ अंश आला आणि घेर निघाला ४१ हजार किलोमीटर. पोरं नाचली अक्षरशः! २० मेच्या सुमाराला नाशिकमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते, तेव्हासाठी ती काठी त्यांनी जपून ठेवली आहे.

मला स्वतःला सर्वांत भिडला तो तिसरा भाग, खगोलशास्त्रज्ञ केप्लरवरचा. मंगळाची कक्षा वर्तुळ धरली तर टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाच्या मोजमापांशी आठ कलांचा फरक राहत होता. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; आठ कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याएवढं. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. केप्लरनं टायकोच्या मोजमापावर विश्वास ठेवून आपली आवडती कल्पना सोडली आणि कक्षा लंबवर्तुळाकार निघाली. मुलांना मी आमच्या कामातलं सांगितलं, की जॉब, म्हणजे बनवलेला भाग, टॉलरन्सबाहेर, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या बाहेर गेला की तो गेला, मग कितीही मेहनत घेतलेली असो. सातव्या भागात सेगन ब्रुकलिनमधल्या आपल्या जुन्या शाळेत जाऊन वर्गातल्या मुलांना ग्रहांचे फोटो वाटतात, तोही आवर्जून दाखवा.

आता उणिवा. मालिका इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दर पाच मिनिटांनी थांबवून सांगावं लागतं. सेगन कल्पनेच्या यानात बसून विश्वात फिरतात ते प्रसंग फार लांबतात, ते मी पुढे ढकलले. माहितीही काही ठिकाणी जुनी झाली आहे: विश्वाचं वय तिथे १५ अब्ज वर्षं धरलंय, आज ते १३.८ अब्ज मानतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह १९९५ साली सापडला, म्हणजे त्याचा इथे पत्ताच नाही. हे आधीच सांगून टाकावं, मुलं नाराज होत नाहीत.

आपल्याकडे असं काही झालंच नाही असं नाही. १९९१ मध्ये दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ हा विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा आणि भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. प्रश्न साधा असला तरी ते तो मनावर घ्यायचे, उत्तर देताना स्वतः विचार करतायत हे दिसायचं. लहानपणी मला विज्ञानाची भीती वाटली नाही याचं श्रेय मी त्यांना देते. हल्ली वाहिन्यांवर ‘रहस्य’, ‘हादरवून टाकणारं सत्य’ अशा आवाजात जे चालतं, त्यात मुलाला प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. मराठीत, आपल्या गावांची नावं घेत, हातात काठी देणारी मालिका मला हवी आहे. कोणी काढणार असेल तर सावली मोजायला आमची गच्ची मोकळी आहे.

दाखवायची असेल तर सातवीच्या खाली नको. एका वेळी एकच भाग, आणि तोही सकाळी, म्हणजे मुलांना लगेच उन्हात जाता येतं.