दाखला स्वतः काढावा की सेवा केंद्रात जावं?

बारावीचा निकाल जवळ आला की घरोघरी एकच शोधाशोध सुरू होते: उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर, जातीचा दाखला. हे सगळे आता 'आपले सरकार' या एकाच पोर्टलवरून मिळतात. अर्ज घरी बसून स्वतः भरायचा की आपले सरकार सेवा केंद्रात जाऊन भरून घ्यायचा, इतकंच ठरवायचं उरतं. बरेच जण त्या केंद्राला अजून 'सेतू'च म्हणतात. माझं मत आधीच सांगते. उत्पन्न आणि अधिवास स्वतः भरा. जातीच्या दाखल्याला, घरात यापूर्वी कुणाचाच निघालेला नसेल तर, चांगलं केंद्र गाठा.

सर्वांत आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा. केंद्रातून भरलं म्हणून दाखला लवकर येत नाही. दोन्हीकडचे अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयातल्या त्याच टेबलावर जातात आणि मुदतही तीच असते. 'जास्तीचे द्या, दोन दिवसांत करून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. फी ठरलेली असते. ती दरफलकावर बघावी आणि पावती मागूनच घ्यावी.

पोर्टलवर स्वतः भरताना खरी अडचण फॉर्मची नसते, फाइलच्या आकाराची असते. फोटो 5 ते 20 केबीचा लागतो आणि कागदपत्रं 75 ते 500 केबीची. मोबाइलने काढलेला रेशनकार्डाचा फोटो सहज दोन-तीन एमबीचा निघतो. तो लहान करायला गेलं की कधी 75 केबीच्याही खाली जातो आणि पोर्टल पुन्हा नाकारतं. घरात कुणाला हे जमत असेल तर अर्धं काम झालंच. उत्पन्नासाठी फॉर्म 16 किंवा तलाठ्याचा अहवाल, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, आणि स्वयंघोषणापत्र. साध्या दाखल्यांसाठी स्टॅम्पपेपरवरच्या शपथपत्राची सक्ती शासनाने 2015 मध्येच काढली, तरी काही ठिकाणी ते अजून मागितलं जातं. तेव्हा स्वयंघोषणापत्र चालतं हे ठामपणे सांगा.

जातीच्या दाखल्याचं गणित वेगळं आहे. इथे अर्ज सोपा, पुरावा अवघड. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचं कुटुंबाचं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा किंवा जुना महसुली कागद. नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं असं असलं, की नेमका कुठला पुरावा जोडायचा हे अनुभवी केंद्रचालकाला पटकन कळतं. शिवाय राहता पुण्यात आणि मूळ गाव उदगीरकडचं असेल, तर पहिला दाखला सहसा तिकडच्याच प्रांत कार्यालयातून निघतो. अशा वेळी गावाकडच्या केंद्रात ओळखीचं माणूस असणं फार उपयोगी पडतं. वडिलांचा दाखला आधीच निघालेला असेल तर मात्र मुलांचा अर्ज घरून भरायला हरकत नाही.

केंद्रात गेलात तरी एका बाबतीत तडजोड करू नका: अर्जावर मोबाइल नंबर स्वतःचाच द्या आणि अर्ज क्रमांकाची पोच घेऊनच बाहेर पडा. नंबर दुसऱ्याचा असेल तर त्रुटी काढल्याचा निरोप तुमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि अर्ज तसाच पडून राहतो. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज विनाकारण फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. ते फेटाळलं तर दुसरं, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा म्हणजे सामान्य माणसाच्या हातातलं मोठं बळ आहे, पण हातात अर्ज क्रमांक आणि तारीख असेल तरच.

उमंग आणि डिजिलॉकर या केंद्र सरकारच्या दोन ॲपची गल्लत अनेकजण करतात. डिजिलॉकर 2015 पासून आहे, उमंग 2017 पासून. डिजिलॉकरमध्ये आधी निघालेले कागद मिळतात: वाहन परवाना, आरसी, गुणपत्रिका. उमंगवर भविष्य निर्वाह निधीसारखी केंद्राची कामं होतात. तहसीलचा नवा दाखला काढायला मात्र 'आपले सरकार'च. सातबारा मात्र 'आपले सरकार'वर शोधू नका. तो महसूल विभागाच्या वेगळ्या संकेतस्थळावर आहे.

जात पडताळणीचंही तसंच. जातीचा दाखला 'आपले सरकार'वर निघाला, तरी वैधता प्रमाणपत्रासाठी पडताळणी समितीकडे बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या) पोर्टलवरून वेगळा अर्ज करावा लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असेल तर तो अकरावी-बारावीतच भरून ठेवा, निकालाची वाट बघत थांबू नका.