डोक्यामागून पट्टे असलेला एन-९५ मास्क: वापरून सांगते

मी ग्रंथालयात काउंटरवर बसते. दिवसभर माणसं समोर वाकून बोलत असतात आणि घरी बाबांना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. त्यामुळे मास्क लावायचा की नाही हा प्रश्न मला कधी पडलाच नाही, कोणता लावायचा एवढाच होता. कापडी झाला, सर्जिकल झाला, २०२१ मध्ये एन-९५ वर आले. आजही फ्लूची साथ असली की तोच लावते.

०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९५ टक्के कण हा मास्क अडवतो. हे काम नुसत्या जाळीचं नाही. आतल्या थरातल्या तंतूंवर विद्युतभार असतो, तो कण धरून ठेवतो. म्हणून हा मास्क धुवायचा नसतो. माझा पहिला मी साबणाच्या पाण्यात खळबळून वाळत घातला होता. दिसायला स्वच्छ, पण आतला भार गेलेला. आता तीन मास्क कागदी पिशव्यांत ठेवून आलटून पालटून वापरते.

सगळं अवलंबून आहे ते तो चेहऱ्यावर कसा बसतो यावर. नाकावरची पट्टी चिमटीत दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून गालांकडे दाबत न्यायची, मग जोरात श्वास सोडून बघायचा. चष्म्यावर वाफ धरली तर वरून हवा सुटतेय. खरेदी करतानाही बघून घ्या. मला एका दुकानदाराने कानात अडकवायचा मास्क एन-९५ म्हणून दिला होता. त्यावर एनआयओएसएच (एन-९५ ला मान्यता देणारी अमेरिकी संस्था) हे नावही नव्हतं आणि टीसी-८४ए ने सुरू होणारा मान्यता क्रमांकही नव्हता. व्हॉल्व्हवाला तर घेऊच नका, त्यातून आपला श्वास न गाळता समोरच्यावर जातो.

त्रास आहेच. गालांवर वळ उठतात. बाबांना कमी ऐकू येतं, ते ओठ बघून समजून घेतात. त्यांना मास्कमागून काही कळायचं नाही. एका दुपारी गोळी आत्ताची की रात्रीची, यावरून आम्ही दोघंही रडकुंडीला आलो. त्यानंतर वही-पेन त्यांच्या उशाशीच ठेवलं.

आता लोकांबद्दल. कोरोनाच्या दिवसांत आमच्या ग्रंथालयात नेहमी येणारे एक काका हनुवटीवर मास्क ठेवून यायचे. मी टोकलं तर म्हणाले, "आधी म्हणाले गरज नाही, मग दंड लावला. ह्यांचं खरं कधीचं मानायचं?" त्यांचं चूक नव्हतं. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनाही निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असंच सांगत होती. सल्ला बदलला तो ५ जूनला. सुरुवातीला मास्कचा तुटवडा होता, डॉक्टर-नर्सना ते पुरायला हवे होते, आणि लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही लागण होते हे हळूहळू स्पष्ट होत गेलं. "आम्हाला आता जास्त कळलंय, म्हणून सल्ला बदलतोय," एवढं सरळ वाक्य सरकारांनी बोलायला हवं होतं. त्याऐवजी पावतीपुस्तक पुढे आलं, आणि माणसं पोलीस दिसला की मास्क वर ओढायला शिकली. याचा मला अजून राग येतो.

बांगलादेशात सुमारे ६०० गावांत एक प्रयोग झाला. काही गावांत मास्क घरोघरी फुकट दिले, कारण समजावलं, रस्त्यात भेटून आठवण करून दिली. तिथे ४२ टक्के लोक मास्क नीट लावू लागले. बाकीच्या गावांत हे प्रमाण १३ टक्के होतं.

मी काउंटरवर मास्कचा खोका ठेवला. काकांना एक दिला आणि पट्टी कशी दाबायची ते माझ्याच नाकावर करून दाखवलं. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा त्यांच्या चष्म्यावर वाफ नव्हती. बायकोसाठी एक मागत होते, पण तिचा चेहरा लहान आणि माझ्याकडे एकच साईझ. लहान साईझ वेगळा मिळतो, घेताना विचारा.