ग्रामपंचायत देऊन नगरपंचायत घ्यावी का? मळ्यांच्या गावासाठी परीक्षण

पाचपैकी दोन तारे. गावठाणातल्या घरासाठी तीन म्हणता येतील, मळ्यातल्या घरासाठी एकच.

नगरपंचायत ही सेवा म्हणून तपासायची तर ती कुणासाठी बेतली आहे हे आधी पाहावं लागतं. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमात ती गावाकडून शहराकडे सरकणाऱ्या क्षेत्रासाठी आहे. लोकसंख्या १०,००० ते २५,००० हवी आणि पुरेशा लोकांचं पोट शेतीबाहेरच्या कामावर चालत असलं पाहिजे. तालुक्याच्या गावांना मात्र २०१४ मध्ये ही चाळणी लागलीच नाही, ती सरसकट घेतली गेली. नाशिक जिल्ह्यातली निफाड, दिंडोरी, कळवण, देवळा, पेठ, सुरगाणा ही त्यातली. ओझर आणि पिंपळगाव बसवंत मोठी गावं, ती थेट नगरपरिषदा झाली. आता बाकीच्या मोठ्या गावांत हा विषय निघतो तो 'निधी येईल' एवढ्या दोन शब्दांवर. निधी येतो, हे खरं. पण त्यासाठी कोणती खाती बंद होतात, ते पारावर कुणी बोलत नाही.

निफाड-दिंडोरी पट्ट्यातलं गाव म्हणजे मारुतीच्या पाराभोवतीचं गावठाण एवढंच नसतं. गावाचा मोठा भाग मळ्यांत राहतो: पाटाकडेला, ओढ्याच्या पलीकडे, गावठाणापासून दोन-अडीच किलोमीटरवर. हद्द ठरताना मात्र बहुतेक वेळा पूर्ण महसुली गाव उचललं जातं, कारण गट नंबरांची यादी तयार असते आणि वेगळी काढायला कष्ट पडतात. परिणाम असा, की द्राक्षबागेच्या मधोमध असलेलं घर एका अधिसूचनेनं शहरात येतं. भुयारी गटार, घंटागाडी, रस्त्यावरचा दिवा यांचा हिशेब माणशी आणि मीटरमागे होतो. सहाशे मीटर पाइप टाकून चार घरं जोडायची, हे कोणत्याच अंदाजपत्रकात बसत नाही. कर मात्र त्या चार घरांनाही लागतो.

कराचं नीट समजून घ्यावं. पहिल्याच दिवशी घरपट्टी दुप्पट होते ही भीती खोटी आहे, जुनी आकारणी काही काळ चालू राहते. फरक पद्धतीत आहे. ग्रामपंचायत २०१५ पासून भांडवली मूल्यावर कर लावते: क्षेत्रफळ, रेडीरेकनरचा दर, घसारा, वापराचा भारांक, आणि मग हजारी काही पैसे. नगरपंचायतीत सहसा वार्षिक भाडेमूल्य धरतात. समजा ९०० चौरस फुटांचं स्लॅबचं घर आहे आणि महिन्याला फुटामागे २ रुपये भाडं धरलं. वर्षाचे झाले २१,६००. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, उरले १९,४४०. एकूण करांचा टक्का २० धरला तर ३,८८८ रुपये. दर आणि टक्का गावागणिक वेगळे असतात, इथे फक्त हिशेबाची रीत दाखवली आहे. खरी मेख त्या २ रुपयांत आहे. मळ्यातलं घर कुणी भाड्यानं घेतच नाही, मग भाडेमूल्य कुठून आणायचं? ते झोनवरून येतं. मळ्यांचा झोन वेगळा, सर्वांत कमी दराचा पाडून घेतला नाही, तर मेन रोडच्या मागच्या गल्लीचा दर बागेतल्या घराला चिकटतो.

दुसरी चूक मोजणीच्या वेळी होते. सर्वेक्षणाचं काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे असतं. टॅब घेऊन आलेल्या पोराला कांदाचाळ आणि गोदाम यांतला फरक ठाऊक असेलच असं नाही. रकान्यात एकदा 'बिगरनिवासी' पडलं की दर वाढतो, वर रोजगार हमी उपकरही लागतो. (हा उपकर भरायचा आणि ग्रामपंचायतीमार्फत होणारी रोहयोची कामं मात्र गमवायची, हा विनोद ज्यानं केला त्याला दाद द्यावी.) म्हणून कलम ११९ ची, म्हणजे कर आकारणीची, नोटीस हातात पडली की चार रकाने आधी बघावेत: वापर, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ. चाळ शेतमाल साठवण्यासाठी असेल तर सातबारा, पीकपाहणी आणि चाळीच्या अनुदानाचा कागद जोडून लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. दर चार वर्षांनी फेरआकारणी असते. एकदा चुकलेला रकाना चार वर्षं सोबत करतो.

बांधकाम परवानगी हा काउंटर सर्वांत संथ. ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचनाकडे जावं लागू नये, असा मार्ग २०२१ मध्ये काढला गेला. नगरपंचायत झाली की तीच नियोजन प्राधिकरण. मग नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंता, ऑनलाइन नकाशा, विकास शुल्क, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र, अशी पायरी पायरी. बडोदा बँकेपासून पतसंस्थेपर्यंत सगळ्यांना ग्रामसेवकाचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा) चालत होता, आता मंजूर नकाशा मागतात. कागद शेवटी पक्का होतो, हे मान्य. पण खर्च आधी येतो.

विकास आराखड्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली आराखडा तयार होताना बाजार, क्रीडांगण, शाळा, १८ मीटरचा रस्ता यांना जागा लागते. गावठाणात जागा नसते, म्हणून आरक्षण पडतं ते लगतच्या पहिल्या दोन-तीन गटांवर. तीच सर्वांत पाण्याची, अँगल-तार आणि ठिबक लावलेली जमीन. आरक्षण पडलं की जमीन विकली जात नाही, कर्जालाही अडते. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर कलम १२७ ची खरेदी सूचना द्यायची आणि पुढे २४ महिने थांबायचं. म्हणजे मोकळं व्हायला किमान बारा वर्षं. द्राक्षबागेचं आयुष्यही साधारण एवढंच असतं. नाशिक शहराच्या हद्दीत मखमलाबादच्या शेतकऱ्यांनी स्मार्ट सिटीच्या हरित क्षेत्र योजनेला विरोध केला, तो उगाच नव्हे.

घरकुलाबाबत शहरी योजना वरकरणी उजवी दिसते. ग्रामीण घरकुलाला सपाट भागात केंद्राच्या निकषानं १,२०,०००, तर शहरी योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक, मिळून अडीच लाख. पण तिथे मालकीचा कागद आणि मंजूर नकाशा लागतो, आणि गावठाणातल्या वडिलोपार्जित घराकडे नेमका तोच नसतो. म्हणून रूपांतर अटळ दिसत असेल तर स्वामित्व योजनेची सनद आधी हातात घ्यावी. ड्रोनची ती मोजणी ग्रामीण गावठाणासाठीच आहे.

सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथला तोटा वेगळ्याच जातीचा. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, पंचायतींसाठी आहे. नगरपालिकांसाठी तसा कायदा करण्याचं विधेयक २००१ मध्ये आलं, कायदा झाला नाही. ग्रामपंचायत गेली की आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी थांबतो. गौण वनोपज, सावकारी, दारूचं दुकान यांवर ग्रामसभेचा जो शब्द होता, त्याला कायद्याचा आधार उरत नाही. अशा गावाला एक तारासुद्धा जास्त वाटतो.

ग्रामसभाच संपते, हा मुद्दा बाकी गावांतही हसण्यावारी नेऊ नये. वर्षाला किमान चार सभा, गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, आणि खर्चाचं वाचन तोंडावर. नगरपंचायतीत सतरा नगरसेवकांची सभा असते, नागरिक फार तर प्रेक्षक. मोठ्या ग्रामपंचायतीतही सदस्य सतराच असतात, तेव्हा प्रतिनिधी वाढतात हा प्रचार पोकळ आहे. बदलतं ते इतकंच, की सही ग्रामसेवकाऐवजी मुख्याधिकाऱ्याची. ते राज्य सेवेतले, बदलीचे, आणि कित्येकदा दोन ठिकाणचा पदभार सांभाळणारे. ग्रामपंचायतीचे पाणीवाले आणि सफाईवाले समावेशनाची फाईल हलेपर्यंत अधांतरी. व्हॉल्व्ह कोणत्या गल्लीत किती फेरे उघडायचा हे त्यांनाच ठाऊक असतं, त्यांना दुखावलं की पाणी आधी बोंबलतं.

जमेची बाजूही आहे. कचरा रोज उचलला जातो, नगरोत्थान या राज्याच्या शहरी योजनेतून गावठाणातले रस्ते आणि गटारी होतात, अभियंता कार्यालयात बसतो. बाजारपेठ वाढलेल्या, मळे कमी असलेल्या गावाला सौदा परवडतो. योजनेतला स्वतःचा हिस्सा भरण्याइतकी करवसुली आहे का, एवढं मात्र आधी पाहावं.

प्रारूप अधिसूचना निघाली की हरकतीला तीस दिवस मिळतात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे. 'आमचा विरोध आहे' अशा छापील दोनशे अर्जांपेक्षा आकडे असलेला एक अर्ज जड. २०११ च्या जनगणनेत गावनिहाय काम करणाऱ्यांचे चार गट आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. शेवटच्या दोघांची बेरीज भागिले एकूण काम करणारे, हे बिगरशेती रोजगाराचं प्रमाण; ते अर्जात लिहावं. मळ्यांचे गट नंबर, गावठाणापासूनचं अंतर आणि त्या गटांतली पीकपाहणी जोडावी. पूर्ण विरोध टिकत नसेल तर पर्यायी मागणी त्याच अर्जात करावी, की हद्द गावठाण आणि लगतच्या वाढीव वस्तीपुरती ठेवा, मळ्यांचे गट शेजारच्या ग्रामपंचायतीला जोडा. सोबत गटांचा रंगवलेला नकाशा द्यावा. दोन प्रती काढाव्यात आणि आवक क्रमांकाचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेऊनच बाहेर पडावं.