खाऱ्या रानात उगवणारं बी म्हणून मातीच्या गोळ्या विकत घेतल्या

जत तालुक्यात आमची चार एकर पड आहे, तलावाच्या खालच्या अंगाला. उन्हाळ्यात वर पांढरी मीठफुटी येते, वेड्या बाभळीशिवाय काय टिकत नाही. घरी वीसेक माडग्याळ मेंढरं, चाऱ्याची दरसाल बोंब, म्हणून गवत करायचं डोक्यात होतंच.

मे महिन्यात आठवडी बाजारात एक पिकअपवाला भेटला. ट्रेमध्ये हिरवंगार कोवळं गवत, म्हणाला दादा हे अंजन, खाऱ्या जमिनीसाठी खास लेप देऊन गोळ्या केलेलं बी, गेल्याच महिन्यात काढलंय, एकदम ताजं. ते ताजं ऐकून मी खूश, आणि तिथंच गाढवपणा झाला. अंजनाचं नवं बी झोपलेलं असतं, काढल्यावर काही महिने ठेवल्याशिवाय नीट उगवत नाही, हे मला पेरल्यावर कळलं. आणि ट्रेमधलं गवत कोकोपीटात, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, गोड्या पाण्यावर वाढवलेलं, त्याचा माझ्या रानाशी संबंध काय? पण तेव्हा डोकं चाललं नाही. सहा किलो घेतलं, १८०० रुपये किलोनं, वर मीठ ओढणारी पावडर म्हणून दोन पोती. पावती मागितली तर वहीचं पान फाडून दिलं.

जूनमध्ये पहिल्या सरीवर पेरलं, मग तीन आठवडे पाऊस गायब. वरची ओल उडाली तसं खालचं मीठ पाण्याबरोबर वर आलं आणि नेमकं बियाच्या थरात साचलं. तीही चूक माझीच, दोन-तीन चांगले पाऊस होऊन मीठ खाली धुऊन गेल्यावरच पेरायला पाहिजे होतं, तेही सरीच्या माथ्यावर नाही, बगलेला, कारण मीठ माथ्यावर चढतं.

पण मग वाटलं, एकसुद्धा कोंब कसा नाही? उरलेल्या बियातल्या शंभर गोळ्या मोजून भिजवून फोडल्या. ७३ मध्ये नुसती रंगवलेली माती, बाकीच्यात बहुतेक भुसा, खरं बी नऊ गोळ्यांत. अंजनाचं बी मुळात केसाळ, हलकं असतं, लेपाखाली काय आहे ते दिसतच नाही, तेच त्याला पाहिजे होतं.

माती तपासून आणली तर ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) ६ आणि सामू (पीएच) ८.१, म्हणजे जमीन खारी आहे, चोपण (सोडियम वाढून बिघडलेली) नाही. पावडर निघाली जिप्सम, ते चोपण जमिनीला लागतं, आमच्यात उपयोग शून्य.

तालुक्याला तक्रार करायला गेलो. कृषी अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा लेबल विचारलं, लॉट नंबर, उगवण टक्का, तपासणीची तारीख, पक्कं बिल. माझ्याकडं वहीचं पान आणि रिकामी पिशवी, त्यावर नुसतं मेंढराचं चित्र छापलेलं, काय करणार ते तरी. त्या पिकअपवाल्याला फोन लावला तर पहिले दोन दिवस उचलला, म्हणाला तुमच्या मातीचा दोष आहे, नंतर बंदच.

तर आटपाडी, माण, खटावकडच्यांनो, हा गडी तुमच्या बाजारात आला तर आधी दहा गोळ्या त्याच्यासमोर पाण्यात टाकून चोळा आणि बी दाखव म्हणा. शंभर दाणे आपल्याच रानच्या मातीत, आपल्याच विहिरीच्या पाण्यावर आठ-पंधरा दिवस लावून बघा, तेवढं थांबायला तो तयार नसेल तर सोडून द्या.

मी आता ओढ्याकडच्या कडेनं मारवेल गवताचे ठोंब लावलेत, शेजाऱ्यानं फुकट दिले. शंभरातले साठेक धरलेत.