ताम्हिणी की ओटागो? पहिल्या सायकल सहलीआधी

धाकट्या दिराने आणि जाऊबाईंनी दसऱ्याला जोडीने दोन हायब्रिड सायकली घेतल्या. दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा प्रश्न तयारच होता. "वहिनी, आधी ताम्हिणीतून कोकणात उतरावं, की दोन वर्षं पैसे साठवून थेट तुम्ही गेलात त्या न्यूझीलंडच्या रेल्वेवाटेवर जावं?" आम्ही नवरा-बायकोने दोन्ही केलंय, म्हणून विचारणं आलं. चकलीच्या ताटावर जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं. हे पुरतं उत्तर.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो नावाच्या भागात, क्लाईड ते मिडलमार्च असा जुना रेल्वेमार्ग होता. क्लाईडचं धरण बांधेपर्यंत तो चालू ठेवला, मग १९९० मध्ये बंद केला. रूळ काढले, खाली बारीक खडी पसरली, पूल दुरुस्त केले आणि २००० साली १५२ किलोमीटरची ही वाट सायकलींसाठी आणि चालणाऱ्यांसाठी खुली झाली. मोटारी नाहीत. ताम्हिणीची वाट वेगळ्या अर्थाने धरणाचीच. पौड सोडलं की मुळशीचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतं, आणि सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला ते हेच.

आता चढाचं बोलू, कारण निर्णय तिथेच होतो.

आगगाडीला चढ सोसत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वे बांधणारे डोंगर फोडतात, बोगदा काढतात, लांबून वळसा घेतात, पण चढ वाढू देत नाहीत. आपल्या बोरघाटात तो ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. आणि एवढ्याशा चढासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. ओटागोच्या मार्गावर सगळ्यात तीव्र चढ ५० ला १. तिथे टायगर हिल नावाची एक चढण आहे. नाव ऐकून मी आदल्या रात्री झोपले नव्हते. दुसऱ्या दिवशी चढण संपल्यावर नवऱ्याला विचारलं, "टायगर हिल कधी येणार?"

याउलट रस्त्याचा घाट बैलगाडी आणि मोटारीच्या हिशेबाने काढलेला असतो. शंभर मीटरला सात-आठ मीटर वर जायला त्याला काहीच वाटत नाही. सिंहगडाच्या पायथ्यापासून गाडीरस्त्याने वर जाऊन या, म्हणजे मी काय म्हणते ते मांड्या सांगतील. ताम्हिणीची गंमत अशी की पुण्याहून जाताना घाट फारसा कळतच नाही. चांदणी चौक, मग पिरंगुटचा छोटा घाट, मग मुळशीच्या कडेने वर-खाली, आणि एकदम पायथ्याच्या विळे गावाकडे उतार. आपण मुळातच दख्खनच्या पठारावर राहतो, त्यामुळे कोकणात जाणं म्हणजे उतरणं. खरी परीक्षा परतताना. विळ्यापासून माथ्यापर्यंत पाचेकशे मीटर वर चढायचं, तेही सामानासकट आणि चौथ्या दिवशीच्या थकलेल्या पायांनी.

लोक मला विचारतात, कुठे जास्त दमायला झालं? मी म्हणते, दमण्याचे प्रकार दोन. घाटात पाऊण तास जीव जातो, मग वीस मिनिटं फुकट वारा. उतारावर पाय थांबतात, बूड सीटवरून जरा उचलता येतं, पाठ सुटते. रेल्वेवाटेवर फुकट काही नाही. इतक्या हलक्या चढ-उतारावर पॅडल थांबवलं की दोनशे मीटरवर सायकलही थांबते. समोरून वारा असला, आणि तिथल्या उघड्या माळावर तो असतोच, तर उतारावरसुद्धा पॅडल मारत बसायचं. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर म्हणजे कागदावर काहीच नाही, पण तीच बसण, तोच पायांचा फेर, पाच तास. मला भाड्याने मिळालेल्या सायकलची सीट पुढून अर्धा इंच वर होती. दुकानदाराने ती तशीच दिली आणि मीही पाहिलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी उभ्याने जेवले. घाटात अशी सीट खपून गेली असती. इथे नाही. तेव्हा ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी पान्यांचा, जुडगा खिशात ठेवा आणि पहिल्या पाच किलोमीटरमध्ये उतरून सीट पातळीत करा.

पण रेल्वेवाटेचं जे देणं आहे ते घाटाच्या बापाला जमणार नाही. ती दोघांना एकत्र ठेवते.

माझा नवरा माझ्यापेक्षा चांगला चढतो. ताम्हिणीच्या परतीच्या चढावर तो पहिल्या दोन वळणांतच दिसेनासा झाला. दोष त्याचा नाही. चढावर प्रत्येकाचा एक वेग असतो, त्याहून हळू चालवलं तरी त्रासच होतो. तो वर एका टपरीवर थांबायचा, मी पोचेपर्यंत त्याचं सरबत पिऊन झालेलं असायचं, घाम वाळलेला असायचा आणि तो ताजातवाना म्हणायचा, "निघूया?" मी नुकती टेकलेली. म्हणजे जो कमी दमला त्याला विश्रांती जास्त, जो जास्त दमला त्याला कमी. चार वळणं हे सहन केलं, पाचव्या वळणावर मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. माणगावपासून सोबत आणलेली चिक्की मी एकटीने संपवली, तीही त्याला दिसेल अशी.

ओटागोत सगळे दिवस आम्ही शेजारी-शेजारी चालवलं आणि सतत बोलत होतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तेव्हा, आणि बोलायला इतकं काही शिल्लक असेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. पूलबर्नच्या घळीत दोन बोगदे आहेत, दिवे नाहीत. आत शिरलं की बाहेरचं ऊन एका पावलात संपतं, अंगाला ओल लागते, आणि टॉर्चच्या प्रकाशात फक्त पुढचं चाक आणि विटांची कड दिसते. आम्ही उतरून सायकली हाताने नेल्या. मधोमध पोचल्यावर मी "गणपती बाप्पा" म्हणून ओरडले. उत्तर नवऱ्याने दिलं, पण त्याआधी बोगद्यानेच माझा आवाज परत दिला होता. पलीकडून येणारं एक वयस्कर जोडपं टॉर्च रोखून थांबलं. आम्ही सॉरी म्हणालो.

बाकी गोष्टी पटापट.

पैसे: इथे तुलनाच नाही. ताम्हिणीतून दिवेआगर किंवा श्रीवर्धन, घरगुती खोल्या, उकडीचे मोदक, मासे, परत. चार दिवसांत दोघांना जेवढा खर्च येतो तेवढ्यात न्यूझीलंडच्या विमानाच्या तिकिटाचा कोपराही येणार नाही. शिवाय व्हिसा. आपल्या सायकली विमानातून खोक्यात नेण्याच्या भानगडीत पडू नका, तिथे भाड्याने मिळतात. सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला पोचवणारी सोयही मिळते. ती मात्र घ्या.

हंगाम: आपली थंडी म्हणजे तिथला उन्हाळा, त्यामुळे डिसेंबरची रजा दोन्हीकडे चालते. पावसाळ्यात ताम्हिणी सुंदर दिसते हे खरं, पण धुकं, ओले ब्रेक आणि शनिवार-रविवारी धबधब्यांवर आलेल्या मोटारींची रांग. मधल्या वारी, उजाडण्याआधी चांदणी चौक पार करा.

सायकल: घाटासाठी मागे मोठं दातेरी चक्र हवं, निदान ३२ दात्यांचं, ३४ असेल तर दुवा द्याल. ब्रेकपॅड नवे घालून निघा आणि उतारावर ब्रेक सलग दाबून धरू नका, दाबा-सोडा करा. रेल्वेवाटेला गिअर कसलेही चालतात, पण टायर रुंद हवं, ३५ मिलिमीटरच्या वर. बारीक खडीत अरुंद टायर रुततं. न्यूझीलंडमध्ये हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. इथे नाही, तरी घालाच.

कोकणाबद्दल एक इशारा. नकाशात समुद्रकिनारा दिसतो म्हणून रस्ता सपाट समजू नका. दोन खाड्यांच्या मध्ये टेकडी असतेच, आणि बागमांडल्याच्या फेरीबोटीतून खाडीपलीकडे वेसवीला उतरलात की लगेच पुन्हा चढ. ताम्हिणी उतरलो, आता सुटलो, असं म्हणणारे तिथे फसतात.

कुणीतरी विचारेलच की आपल्याकडे अशी रेल्वेवाट का नाही. विदर्भातली शकुंतला डोळ्यांसमोर येते, मूर्तिजापूर-यवतमाळची बंद पडलेली नॅरोगेज गाडी. सायकलवाल्याच्या नजरेने ती सोन्यासारखी वाट आहे. पण तिथल्या लोकांना सायकल नको, गाडी परत हवी आहे, आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं.

तर दीर आणि जाऊबाई. दोघांचं चढणं सारखं असतं तर मी डोळे मिटून ताम्हिणी म्हणाले असते. घराच्या दारातून निघून तिसऱ्या दिवशी समुद्रात पाय बुडवणं, वाटेत भाकरी-पिठलं मिळणं, काही बिघडलं तर मराठीत भांडता येणं, याला तोड नाही. एकट्या माणसालाही हेच सांगेन. पण दोघांत फार फरक असेल तर पहिली सहल घाटाची नको, पैसे साठवा. मधला मार्गही आहे, जाताना ताम्हिणी उतरा आणि येताना माणगावहून सायकली टेम्पोत घाला. यात कमीपणा नाही, आम्ही दुसऱ्या वेळी तेच केलं.

फरक किती ते कळायला एक चाचणी सांगितली. रविवारी पहाटे खडकवासल्यापासून पानशेतपर्यंत जा आणि या. रस्ता वर-खाली आहे, फार नाही. पुढच्याने मागच्यासाठी किती वेळा थांबावं लागलं ते मोजा.

परवा दोघं जाऊन आले. दीर म्हणाला, नऊ वेळा थांबलो. जाऊबाई म्हणाल्या, "एकदा. बाकीच्या आठ वेळा मी हाका मारत होते." स्वयंपाकघरातल्या बरणीवर आता 'ओटागो' अशी चिठ्ठी चिकटवली आहे.