सिझर लिफ्टवर एरर कोड आला: बोर्ड रिपेअर करायचा, जुना बॉक्स बसवायचा की नवीन घ्यायचा?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नाहीतर सावली-हालोल पट्ट्यात ज्यांच्या स्वतःच्या दोन-चार सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या हातांवर माणसासकट प्लॅटफॉर्म उचलणारी मशीनं, भाड्याने फिरतात, त्यांच्यावर ही वेळ एकदा तरी येतेच. साइटवर मशीन उभं राहतं, डिस्प्लेवर आकडा दिसतो, ऑपरेटर फोनवर सांगतो "साहेब कंट्रोलर गेला" (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स), आणि संध्याकाळपर्यंत तीन जणांकडून तीन सल्ले येतात. एक म्हणतो बोर्ड रिपेअरला द्या, दुसरा म्हणतो माझ्याकडे भंगारातल्या मशीनचा चालू बॉक्स आहे, तिसरा थेट नव्याचं कोटेशन पाठवतो. तिन्ही रस्ते कुठे ना कुठे बरोबर आहेत. पण कुठला कधी, हे नीट ठरवलं नाही तर पैसे दोनदा जातात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कोड म्हणजे कंट्रोलरला गडबड कुठल्या सर्किटमध्ये दिसली त्याचा पत्ता, तिथे कुठला पार्ट मेला ते तो सांगत नाही. जिनी कंपनीच्या जीएस सिरीजवर ६८ आला तर व्होल्टेज कमी आहे, ०२ आला तर वरच्या प्लॅटफॉर्म कंट्रोलशी बोलणं तुटलंय, ओएल म्हणजे ओव्हरलोड आणि एलएल म्हणजे मशीन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कललंय. यातल्या एकाही कोडचा अर्थ "बॉक्स बदला" असा होत नाही. शेवटचे दोन तर बहुतेक वेळा फॉल्टच नसतात, मशीन आपलं काम करतंय. जीएस-१९३० ला बाजूने १.५ अंश आणि पुढे-मागे ३ अंश एवढीच सूट आहे, शेडमधल्या उतरत्या कोब्यावर एवढा ढाळ सहज निघतो. जेएलजी कंपनीच्या ईएस मशीनवर खालच्या कंट्रोलचा दिवा लुकलुकतो, किती वेळा ते मोजायचं, ४ आणि ४ म्हणजे बॅटरी सप्लाय, ६ आणि ६ म्हणजे कॅन लाइनवरचं (बॉक्स एकमेकांशी ज्या दोन तारांवरून बोलतात तिच्यावरचं) बोलणं, ९ आणि ९ आला तर मात्र हार्डवेअर, तिथे कंट्रोलरवर संशय घ्यायला जागा आहे. आणि स्कायजॅक कंपनीच्या जुन्या ३२१९ सारखं रिले लॉजिकचं, म्हणजे प्रोसेसरऐवजी साध्या रिलेवर चालणारं मशीन असेल तर कोडचा प्रश्नच नाही, वायरचा रंग आणि त्यावरचा नंबर पकडून टेस्ट लॅम्प घेऊन माग काढत जायचं, माझ्या मते भाड्याच्या धंद्यात ते एका अर्थी बरंच पडतं. जाता जाता सांगतो, जिनीच्या १९३० मध्ये १९ फूट उंची आणि ३० इंच रुंदी असते, स्कायजॅकच्या ३२१९ मध्ये आकड्यांचा क्रम बरोबर उलटा, आधी ३२ इंच रुंदी आणि मग १९ फूट उंची, त्यामुळे जुना पार्ट फोनवरून मागवताना गोंधळ होतो. म्हणून मॉडेलबरोबर सिरीयल नंबरही सांगा. मॅन्युअलसुद्धा सिरीयल नंबरप्रमाणेच बघायचं, कारण त्याच मॉडेलच्या जुन्या आणि नव्या मशीनमध्ये कंट्रोलर वेगळा असतो आणि कोडही वेगळे.

आता कुठल्याही रस्त्याला लागायच्या आधी बॅटरी. चार ६ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे २४ व्होल्ट, पूर्ण चार्ज करून थोडा वेळ सोडली तर मीटरवर साडेपंचवीसच्या आसपास दिसायला हवं. पण उभ्या मशीनवरचा आकडा बघून समाधान मानू नका. एकाने खालच्या कंट्रोलवरून प्लॅटफॉर्म उचलायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी एकेका बॅटरीवर मीटर लावायचा. तीन बॅटऱ्या थोड्या-थोड्या खाली येतात आणि चौथी एकदम चारच्या घरात गडगडते, असं दिसलं की तुमचा "कंट्रोलर" सापडला. अशी एक बॅटरी सगळं मशीन वेडं करते, कोड कधी व्होल्टेजचा येतो कधी भलताच. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी भरायचं राहिलं की हे हमखास होतं.

त्यानंतर प्लॅटफॉर्मची केबल. कात्र्यांच्या बाजूने वर जाणारी ही केबल प्रत्येक वेळी वाकते आणि सरळ होते, आतली तार तुटते आणि वरचं आवरण मात्र नव्यासारखं दिसतं. खूण अशी की खाली सगळं व्यवस्थित चालतं आणि ठराविक उंचीला गेलं की कोड येतो, थोडं खाली आणलं की जातो. वरच्या कंट्रोल बॉक्सचा प्लग उघडून बघा, पिनेवर हिरवट थर असेल तर पावसात तो बॉक्स उघड्यावर राहिलाय हे समजा. कॅनवाल्या मशीनला सप्लाय बंद करून दोन कॅन तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे रेझिस्टर, असतात म्हणून साधारण ६० दिसायला पाहिजे. १२० दिसलं तर एका बाजूची लाइन तुटलीय नाहीतर टर्मिनेटर गेलाय, म्हणजे बॉक्सला हात लावायचं अजून कारण नाही. हे सगळं करताना प्लॅटफॉर्म वर असेल तर सेफ्टी आर्म (प्लॅटफॉर्म खाली पडू नये म्हणून लावायचा आधार) लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, कितीही घाई असली तरी.

एवढं करूनही बोट कंट्रोलरकडेच गेलं, तर आता तिन्ही रस्ते शेजारी-शेजारी ठेवून बघू.

लोकल बोर्ड रिपेअर सगळ्यात स्वस्त, आणि बडोद्यात इंडस्ट्रीमुळे ड्राइव्ह, यूपीएस, वेल्डिंग मशीनचे बोर्ड करणारे हुशार हात आहेत, त्यामुळे हा पर्याय मी कधीच आधी बाद करत नाही. पण बॉक्स कुठला ते बघायचं. मोटर कंट्रोलर, म्हणजे पंपाच्या किंवा ड्राइव्हच्या मोटरला करंट देणारा कर्टिस नाहीतर झापी कंपनीच्या टाइपचा डबा, यात सहसा पॉवर मॉसफेट (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) उडतात आणि तेवढं बदललं की तो वर्षानुवर्षं चालतो. लॉजिकच्या बॉक्समध्ये, म्हणजे मशीनला हुकूम देणाऱ्या मेन कंट्रोलरमध्ये, एखाद्या व्हॉल्व्हच्या कॉइलचं आउटपुट मेलं असेल तर तेही रिपेअर होतं. जिथे मी थांबतो ती जागा म्हणजे प्रोसेसरचा अंतर्गत कोड, जिनीवरचा ०१ सारखा, आणि दुसरी म्हणजे पाण्यात बुडालेला बोर्ड. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं, तसं गढूळ पाणी बोर्डावर चढलं असेल तर धुऊन-वाळवून चालू होतो, पण चिपखाली गंज चालूच राहतो आणि काही महिन्यांनी माणूस वर असताना कधीतरी दगा देतो. तिसरी अडचण साधी आहे, काही बॉक्समध्ये इपॉक्सी ओतलेलं असतं, ते खरवडून काम करणाऱ्याने कितीही खात्री दिली तरी मी देत नाही. रिपेअरवाल्याला द्यायच्या आधी एवढंच विचारा की लोड लावून टेस्ट करून देणार का, नुसता दिवा लागला म्हणजे बोर्ड झाला असं होत नाही.

जुना बॉक्स, म्हणजे दुसऱ्या मशीनमधून काढलेला, लगेच मिळतो हीच त्याची मोठी बाजू. नवरात्रीच्या आधी गरब्याच्या मैदानांवर लायटिंगची कामं निघतात तेव्हा मशीन उभं ठेवणं परवडत नाही आणि लोक हाच रस्ता धरतात, ते समजू शकतं. पण पार्ट नंबर एक अक्षर इकडे-तिकडे झालं तरी तो तुमच्या मशीनला दुसरंच मॉडेल समजू शकतो, स्पीड, उंचीची कटऑफ, पॉटहोल गार्डचं (खड्ड्यात मशीन उलटू नये म्हणून खाली उतरणाऱ्या पट्टीचं) लॉजिक सगळं त्यात सेट केलेलं असतं. मॉडेलचं सेटिंग बदलता येत असेल आणि ते करणारा माणूस जागेवर येत असेल तरच घ्या. शिवाय त्या बॉक्सचं आधीचं आयुष्य कुणाला माहीत नसतं, म्हणून पैसे देण्याआधी आपल्याच मशीनवर बसवून, प्लॅटफॉर्मवर वजन ठेवून, पूर्ण उंचीपर्यंत चालवून बघायचं आणि मगच हिशोब करायचा. विकणारा एवढ्याला तयार नसेल तर तिथेच सोडून द्या.

नवीन ओरिजिनल सगळ्यात महाग, आणि स्टॉकमध्ये नसला तर बाहेरून येईपर्यंत वाट बघावी लागते. पण वॉरंटी असते, सेटिंग नीट होतं, आणि एखाद्या मोठ्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने विचारलं तर दाखवायला बिल असतं. मशीन कमी तास चाललेलं असेल, बॅटऱ्या चांगल्या असतील आणि मोठ्या प्लांटमध्ये कायम काम असेल तर मी डोळे झाकून नवीनच घेईन. उलट मशीन जुनं झालंय, पिना-बुश ढिले झालेत, सिलिंडर गळतोय, तर एवढा महाग बॉक्स त्यात घालण्यात अर्थ नाही, तिथे रिपेअर होत असेल तर करा नाहीतर मशीनच काढायचा विचार करा. बाजारात कॉम्पॅटिबल म्हणून नवे डुप्लिकेटही मिळतात, जॉयस्टिक किंवा स्विचपुरते मी ते वापरीन, मेन कंट्रोलर म्हणून नाही.

तिन्ही रस्त्यांना लागू पडणारी एक गोष्ट आहे आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. आउटपुट उडालं तर ते का उडालं ते शोधल्याशिवाय दुसरा बॉक्स लावायचा नाही. व्हॉल्व्हची कॉइल आतून शॉर्ट झाली असेल किंवा तिची तार चॅसीला घासून उघडी पडली असेल तर नवा बॉक्स पहिल्याच स्विचला जातो आणि विकणारा म्हणतो तुमच्या मशीनमुळे गेला, आणि त्याचं खरंच असतं. म्हणून प्रत्येक कॉइलचे कनेक्टर काढून रेझिस्टन्स मोजा, सारख्या कॉइल एकमेकींशी ताडून बघा, एखादी बाकीच्यांपेक्षा फारच कमी दाखवत असेल तर ती आधी बदला. ब्रेकची कॉइल विसरू नका, ती खाली चाकांजवळ पाण्या-चिखलात असते. मोटर कंट्रोलर काढताना बॅटरी सोडवली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो बल्ब किंवा रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका.

आणि कुणी "तात्पुरतं" म्हणून टिल्ट सेन्सर (मशीन कललं की ओळखणारा) किंवा लिमिट स्विचला जंपर मारून, म्हणजे तार जोडून तो बाजूला काढून, कोड घालवून देत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, भाड्याची पार्टी कितीही ओरडत असली तरी. त्या कोडमुळे मशीन वर जात नाहीये म्हणूनच वरचा माणूस सुरक्षित आहे.

बॉक्स कुठलाही बसवा, लोड सेन्सिंगवालं मशीन असेल तर त्याचं कॅलिब्रेशन मॅन्युअलप्रमाणे परत करून घ्या, मग टिल्ट सेन्सर तपासायला रिकामं मशीन एका बाजूच्या दोन्ही चाकांनी मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीच्या फळीवर चढवून जमिनीवर उभं राहूनच प्लॅटफॉर्म उचलून बघा, ठरलेल्या उंचीला ते थांबून अलार्म द्यायला पाहिजे, आणि इमर्जन्सी लोअरिंग (सप्लाय गेला तरी प्लॅटफॉर्म खाली आणणारी सोय) ओढून बघा. रिपेअरवाला असो की डीलर, हे त्याच्यासमोरच करायचं आणि मगच सही. आणि चार मशीनसाठी एखादा स्पेअर घेऊन ठेवायचाच असेल तर कंट्रोलरमध्ये पैसे अडकवू नका, प्लॅटफॉर्मची केबल आणि एक जॉयस्टिक ठेवा, उभं राहिलेलं मशीन त्याच दिवशी चालू करायला बहुतेक वेळा तेवढंच लागतं.