ट्यूब व्हॉल्वपाशीच जाते: फेबायो वापरून पाहिलं, त्याबद्दल

आधीच सांगते, मी डोळ्यांची डॉक्टर नाही. भोसरीत एका कंपनीत प्रेशर व्हेसलचं अ‍ॅनालिसिस करते. टाक्या, टाक्यांना पाडलेली भोकं आणि त्या भोकांभोवती साठणारा ताण, चौदा वर्षं हेच चाललंय. फेबायो, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे करून (फायनाइट एलिमेंट) दाबाखाली ती कशी ताणते ते मोजणारं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं ते बाबांमुळे.

बाबांना काचबिंदू आहे आणि डोळ्याचा दाब मात्र १६, म्हणजे पाऱ्याचे १६ मिलिमीटर. १० ते २१ नॉर्मल धरतात. त्यामुळे आधीच्या एका दवाखान्यात फुंकर मारणाऱ्या मशीनवर दाब बघायचे आणि ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवायचे, अशी दोन वर्षं गेली. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी कुणी मोजलीच नाही. नव्या डॉक्टरांनी मोजली तर ४८८ मायक्रॉन निघाली. गोल्डमनचं टोनोमीटर, म्हणजे कॉर्निया दाबून सपाट करून दाब मोजणारं यंत्र, साधारण ५२० मायक्रॉन जाडी धरून बेतलेलं आहे; पातळ कॉर्निया कमी जोरात सपाट होतो, आणि आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. ठीक आहे, १६ नसेल, थोडा जास्त असेल. पण तेवढ्यावर फील्ड टेस्टच्या, म्हणजे नजर कुठवर पोचते त्या तपासणीच्या, कागदावर वरचा कोपरा काळा पडावा?

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. “हवा बरोबर असली तरी ट्यूब जाते गं. आणि जाते ती व्हॉल्वपाशीच.”

डोळ्याचं व्हॉल्व म्हणजे मागचं भोक. जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचं, आणि त्यातून ऑप्टिक नर्व्हचे दहा लाखांहून जास्त तंतू बाहेर पडतात. भोकावर लॅमिना क्रिब्रोसा नावाची जाळी ताणलेली असते. नावातच चाळणी आहे. भोवतीचं श्वेतपटल, म्हणजे डोळ्याची पांढरी भिंत, कडक, जाळी त्यामानाने मऊ. आमच्या धंद्यात असं डिझाइन कुणी आणलं तर आधी चहा पाजून परत पाठवू.

ऑफिसचं सॉफ्टवेअर घरी आणता येत नाही, म्हणून फेबायो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात, कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींच्या साथीने बनलेलं. फुकट आहे, कोडही खुला आहे, आणि मुळात मऊ ऊतींसाठीच लिहिलेलं आहे. हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. मटेरियलची यादी उघडली आणि स्टीलचे ग्रेड शोधायची सवय असलेली मी गोंधळलेच. रबरासारखी ताणणारी निओ-हुकियन आणि मूनी-रिव्हलिन, तंतूंची दिशा देता येणारी मटेरियल्स, पाणी धरून ठेवणाऱ्या ऊतींसाठी बायफेजिक. श्वेतपटलातले कोलॅजेनचे तंतू त्या भोकाभोवती कड्यासारखे फिरतात, तेही मांडता येतं. मी नाही मांडले. पहिल्या खेपेला साधं ठेवलं.

सममिती धरून पावच डोळा केला. आतली त्रिज्या १२ मिमी, भिंत ०.८ मिमी, श्वेतपटलाची ताठरता ३ मेगापास्कल, जाळीची ०.३. हे आकडे माझे नाहीत, सिगल आणि एथियर या संशोधकांच्या गटाने २००५ च्या आसपास अशाच मॉडेलसाठी वापरलेले आहेत. दाबाच्या रकान्यात १६ टाकलं आणि रन दाबलं.

क्षणात लाल ओळ: निगेटिव्ह जेकोबियन. म्हणजे एखादा एलिमेंट, मॉडेलचा बारीक तुकडा, पिळवटून उलटा झाला. रात्री साडेअकरापर्यंत मेश, म्हणजे या तुकड्यांची जाळी, बारीक करत बसले. चूक मेशची नव्हती, माझी होती. लांबी मिलिमीटरमध्ये आणि ताठरता मेगापास्कलमध्ये दिली की दाबही मेगापास्कलमध्येच हवा. १६ पाऱ्याचे मिलिमीटर म्हणजे ०.००२१३. मी बाबांच्या डोळ्यात पाऱ्याचे १ लाख २० हजार मिलिमीटर भरले होते! नवीन माणसाने एककं आधी कागदावर लिहून काढावीत आणि मग माउसला हात लावावा.

दाब सुधारल्यावर दहा पायऱ्यांत सुरळीत सुटलं. हाताने पडताळलं: दाब गुणिले त्रिज्या भागिले दोनदा जाडी, म्हणजे १६ किलोपास्कल. भोकापासून लांबच्या भिंतीत फेबायोनेही तेवढाच ताण दाखवला. तेव्हा कुठे विश्वास बसला.

मग खरी गंमत. दाब १६ ठेवून श्वेतपटलाची ताठरता १ मेगापास्कलवर आणली. दुसऱ्या फाइलमध्ये ताठरता ३ आणि दाब २४. कागदावर दुसरा पेशंट धोक्यात. चित्रात मात्र पहिल्याची जाळी जास्त ताणलेली. भोकाची कडच बाहेर सरकते आणि जाळीला चारी बाजूंनी ओढते. सिगल आणि मंडळींनीही हेच छापलंय: जाळीवर काय बेतणार ते ठरवण्यात श्वेतपटलाची ताठरता सगळ्यांत पुढे, दाबाच्याही आधी. वाचून पटलं होतं. रंगात पाहिल्यावर पोटात गोळा आला.

बाबांनी चष्मा वर करून स्क्रीन पाहिली. “बघ, व्हॉल्वपाशीच लाल.” आणि मॅच लावायला उठले.

तक्रार म्हणाल तर हे तयार खेळणं नाही. डोळा तुम्हालाच बांधायचाय, मॅन्युअल लांबलचक आहे, आणि फायनाइट एलिमेंटचा गंध नसलेल्याने चित्र पाहून निष्कर्ष काढू नयेत. माझ्या मॉडेलमध्येही भोकं आहेतच: मेंदूकडून नर्व्हवर येणारा उलटा दाब मी धरला नाही, आणि शून्य दाबाला डोळा अगदी गोल असतो असं मानलं. इंजिनिअरला किंवा एमटेकच्या पोराला मात्र डोळे झाकून सुचवेन.

पुढच्या तपासणीला चित्राची प्रिंट नेली. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिली आणि विचारलं, “छान आहे. पण यांच्या श्वेतपटलाची ताठरता मी इथे मोजू कशाने?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाब १६ वरून १२ वर आणायचं ठरलं. रात्री नऊचा एक थेंब वाढला.